दिवाळीनंतर बघू

बँकेत माझं काम म्हणजे समोर बसलेल्या माणसाला, शक्य तितक्या गोड शब्दांत, तो एक दिवस मरणार आहे हे सांगणं. फॉर्मवर त्याला नॉमिनेशन म्हणतात. काका मुदत ठेव पुढे चालू ठेवायला आलेले असतात, पंख्याखालची खुर्ची मिळाल्यामुळे खुशीत असतात, आणि मी विचारते, "काका, नॉमिनी कोणाला लावायचं?" तेवढ्यानं पंख्याचा वारा लागायचा बंद होतो.

"आत्ताच कशाला?"

"असलेलं बरं."

"मला काय धाड भरलीय?"

"काही नाही भरलेली. म्हणूनच आत्ता सही चांगली येईल."

"बघू. दिवाळीनंतर बघू."

हे संभाषण जानेवारीतही होतं.

एका आजोबांनी तर इकडेतिकडे बघून, टेबलावर वाकून मला कारणही सांगितलं होतं. "मुलाचं नाव घातलं ना, की तो वाट बघायला लागतो." मग त्यांनी डीए-१ फॉर्मची व्यवस्थित घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्या खिशात आधीच बरेच कागद होते. माझा संशय आहे की ते सगळे डीए-१ फॉर्मच असावेत.

अशा लोकांचे पैसे शेवटी कुठे जातात, हे मी त्यांना पाठ म्हणून दाखवते. दहा वर्षं खात्याला कोणी हात लावला नाही, की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जमा होते. हा निधी २०१४ सालचा. २०२३ साली त्यांनी 'उद्गम' नावाचं पोर्टल काढलं, तिथे आपले विसरलेले पैसे शोधता येतात. म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेला आपल्या चालढकलीसाठी एक निधी आणि एक पोर्टल चालवावं लागतं. आणि नोव्हेंबर २०२५पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. पूर्वी लोकांचं एका नावावर एकमत व्हायला दहा वर्षं लागायची. आता चार नावं ठरवायची, त्यांच्यात टक्के वाटायचे आणि बेरीज शंभर आणायची. त्या निधीला बरे दिवस येणार आहेत.

माझ्या स्वतःच्या पगाराच्या खात्यावर नोकरी लागली त्या दिवशी मी आईचं नाव लावलं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. नाव बदलायचा फॉर्म माझ्या डाव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये असतो. फॉर्म कसला, गठ्ठाच असतो. हात लांबसुद्धा करावा लागत नाही, नुसता डावीकडे न्यायचा.

आता मला कोणी आळशी म्हणालं असतं तर मी सुधारले तरी असते. पण तसं म्हणायला जागा नाही. इन्कम टॅक्सचं रिटर्न वेळेत जातं. विजेचं बिल जातं. मुलीचे फॉर्म जातात. पहिल्या पावसाच्या आत कैरीचं लोणचं बरणीत असतं, कारण कैरी कोणासाठी थांबत नाही. बारकाईनं पाहिलं तर माझ्या हातून दोनच प्रकारची कामं होतात. जी नाही केली तर कोणीतरी ओरडतं ती, आणि जी नाही केली तर नासतात ती. जे काम ओरडतही नाही आणि नासतही नाही, ते आमच्या डोंबिवलीच्या घरात सुखानं म्हातारं होतं.

नवऱ्याचं तंत्र जरा वेगळं आहे. मुदत असली तरी ती वाढणारच, असा त्यांचा सरकारवर गाढ विश्वास. पॅन आणि आधार जोडायची मुदत वाढत होती तोवर दर वेळी ते पेपर माझ्यासमोर नाचवायचे. "बघ! म्हटलं नव्हतं? धावत गेले ते मूर्ख ठरले." शेवटी ३० जून २०२३च्या आसपास हजार रुपये दंड भरून त्यांनी ते जोडलं. "हजार रुपयांत इतकी वर्षं शांतता मिळाली," असा त्याचा हिशेब त्यांनी मला दिला.

मुदत नसताना नेमानं होणारी एकच गोष्ट आमच्या घरात आहे, ती म्हणजे पेपरवाल्याचं बिल. पेपर खरं तर कोणी वाचत नाही. बातम्या मोबाइलवर येतात आणि पेपर डब्यांखाली जातो. पण सासूबाई तो बंद करू देत नाहीत. पेपरवाला बिचारा कधी पैसे मागत नाही, राहिले तर दोन महिन्यांचे एकदम घेतो. तरी महिन्याच्या एक तारखेला सासूबाईंचं पाकीट तयार असतं. वर आलं घातलेला चहा, आणि "खोकला कमी आहे का रे? रात्रीचं दही खाऊ नकोस." मला सर्दी झाली तर त्या एवढी चौकशी करत नाहीत. जुन्या माणसांची शिस्त, असं मी समजत होते.

आमच्या हॉलमध्ये एक खिळा मारायचा होता. सासऱ्यांचा फोटो मोठा करून, फ्रेम करून, चंदनाचा हार घालून तयार होता. तो शोकेसवर भिंतीला टेकवून ठेवला होता, 'तात्पुरता'. मध्ये एका सेलमध्ये नवऱ्यानं ड्रिल मशीन घेतलं. एवढं महाग मशीन घरात आलं म्हटल्यावर भोक जवळजवळ पडल्यातच जमा होतं, त्यामुळे पुढे काही महिने तो विषय निघाला नाही. मग त्यांनी ड्रिल कसं धरावं याचे व्हिडिओ बघितले. एकात आधी भिंत ओळखायला सांगितलं होतं.

"ही भिंत विटेची आहे की मागे बीम आहे?"

"मला काय माहीत? मी बांधलीय का?"

मग त्यांनी भिंतीला कान लावून बोटाच्या पेरानं टकटक केली, थोडं सरकून पुन्हा केली. पाच मिनिटांनी दाराची बेल वाजली. शेजारच्या वहिनी होत्या. "काही हवं होतं का? भिंतीवर वाजवत होतात म्हणून आले."

या सगळ्या काळात सासूबाईंनी एकदाही तक्रार केली नाही. कोणी पाहुण्यानं विचारलंच, की फोटो असा खाली का, तर त्याच सांगायच्या, "जन्मभर माणूस डोंबिवली ते व्हीटी उभ्यानं गेला. आता कुठे टेकायला मिळालंय. बसू दे."

यावर खिळा मारायची हिंमत कोणाची होणार?

बरं, आम्ही नाही असं कुठल्याच कामाला म्हणत नाही. आमचा नकार पंचांगातून येतो. चैत्रात ऊन फार. वैशाखात लग्नं. ज्येष्ठात शाळा सुरू होतात. आषाढात नवीन काही काढू नये. श्रावणात उपवास. भाद्रपदाचा अर्धा महिना गणपतीचा आणि उरलेला अर्धा पितरांचा. आश्विनात नवरात्र आणि दिवाळीची आवराआवर, ज्यात आवरायचं सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं. कार्तिकात तुळशीचं लग्न लागेपर्यंत दिवाळी संपली असं कोणी मानत नाही. मार्गशीर्षात गुरुवार. पौषात शुभकार्य नाही. माघात हळदीकुंकवाची बोलावणी. फाल्गुन म्हणजे बँकेत मार्च एंडिंग. आणि एवढ्यानं भागलं नाही तर दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना येतोच. पंचांगकर्ते दूरदृष्टीचे, बारा महिने आपल्याला पुरणार नाहीत हे त्यांना आधीच कळलं होतं.

पंचांग न बघता काम सुरू करायला वर्षात साडेतीन मुहूर्त दिलेत, नाही असं नाही. त्यातल्या तीन पूर्ण मुहूर्तांना मी स्वयंपाकघरात असते. उरलेल्या अर्ध्या मुहूर्ताला, बलिप्रतिपदेच्या दिवशी, मी भाच्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. मुहूर्त अर्धा, त्यामुळे स्वेटरही पाठ आणि एक बाही एवढाच झाला. भाचा तेव्हा रांगत होता. परवा आला होता, दाढी नीट कापून देणारं सलून जवळपास कुठे आहे म्हणून विचारत होता.

मला वाटतं, याचं मूळ आपल्या बाळबोध शिक्षणातच आहे. बोलायला लागण्याआधी आपल्याला जी गोष्ट सांगतात ती कोणती? कावळ्याचं घर शेणाचं, ते पावसात वाहून गेलं. तो भर पावसात चिमणीच्या दाराशी उभा. आणि चिमणी आतून काय करतेय? बाळाला न्हाऊ घालतेय, अंगडं घालतेय, तीट लावतेय, झोपवतेय. दार उघडायला एक सेकंद लागतो. पण ती एकदाही नाही म्हणत नाही, फक्त थांब म्हणते. आणि गोष्ट ऐकणारं प्रत्येक मराठी मूल चिमणीच्या बाजूचं असतं! कावळ्याच्या बाजूनं आजवर एकाही बालवाडीत मोर्चा निघालेला नाही. आपण मोठे होतो, मेणाऐवजी कर्जाच्या घरात राहायला जातो, आणि दाराशी कामं भिजत उभी असताना आत बाळाला तीट लावत बसतो. बाळ नसेल तर मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावतो.

हा सगळा कारभार सुरळीत चालला होता. मुलीनं एक दिवस जेवताना जॉन पेरींचं नाव काढलं आणि घरात गडबड झाली.

हे पेरी म्हणजे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. १९९६ साली त्यांनी चालढकलीवर एक छोटा निबंध लिहिला, तोही दुसरी कामं टाळता यावीत म्हणून, असं त्यांनी त्यातच सांगून टाकलंय. त्याबद्दल २०११ साली त्यांना साहित्याचं इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला देतात. त्यांचं म्हणणं असं, की चालढकल करणारा माणूस रिकामा बसत नाही. मोठं काम टाळण्यासाठी तो लहान कामं हिरिरीनं करतो. तेव्हा यादीत सगळ्यात वर एखादं भलंमोठं, भीती वाटेल असं काम लिहून ठेवावं. ते टाळता टाळता खालची सगळी होऊन जातात.

"यात शोध कसला?" सासूबाई म्हणाल्या. "परीक्षेच्या आदल्या दिवशी हा टेबल आवरायचा, तेव्हा याला कोणी बक्षीस दिलं नाही."

तरी आम्ही यादी केली आणि फ्रिजवर चुंबकानं लावली. सगळ्यात वर काय लिहायचं यावर मतभेद झाले नाहीत. मृत्युपत्र. इतकं भयंकर दुसरं काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत येणाऱ्या वकीलसाहेबांना, जणू दुसऱ्या कोणासाठी विचारतेय असं दाखवून, विचारलं, "स्टॅम्प पेपर केवढ्याचा लागतो हो?"

"लागतच नाही. साधा कागद चालतो."

"मग नोंदणी?"

"केली तर चांगली. सक्ती नाही."

"मग काय लागतं?"

"तुमची सही, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ६३. तुम्ही शुद्धीवर असलं पाहिजे, बस."

मला धक्काच बसला. इतकी वर्षं ज्या कामाला मी भीत होते ते वाणसामानाच्या यादीइतकं सोपं निघालं. सरकारनं निदान दोन खिडक्या, एक टोकन आणि एक 'उद्या या' तरी ठेवायला हवं होतं. माणसाला सांगायला काही राहतच नाही.

"एक मात्र करा," वकीलसाहेब जाता जाता म्हणाले. "साक्षीदार वयानं लहान आणि तब्येतीनं बरे बघा. उद्या कोर्टात सिद्ध करायची वेळ आली तर त्यातला एक तरी हयात पाहिजे." हे मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

आणि पेरींचा मंत्र लागू पडला. ज्या रविवारी सकाळी मृत्युपत्र लिहायला बसायचं ठरलं होतं, त्या रविवारी सकाळी सात वाजताच नवऱ्यानं ड्रिल मशीन बाहेर काढलं. पेन्सिलनं फुली मारली. मुलीला खाली टॉर्च धरून उभं केलं, का ते कळलं नाही, कारण उजेड लख्ख होता. मशीन सुरू झालं, बिट नखभर आत गेलं आणि तिथेच गरगरत राहिलं. मागे बीम होता. त्यांनी अंगाचा भार टाकला तशी पापडाएवढी गिलाव्याची खपली निघाली आणि सासूबाईंच्या चहात पडली. मग चार बोटं खाली दुसरं भोक. तिथे वीट होती, आणि फारच मऊ. भोक एवढं मोठं पडलं की त्यात घातलेली गिट्टी सरळ आत गेली. पलीकडे कुठेतरी ती टप्पकन पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. शेजारच्या वहिनी या वेळी आल्या नाहीत.

आता त्या दोन भोकांवर कालनिर्णय लटकतंय, सेलोटेपनं. सासरे शोकेसवर आहेत.

त्याच झपाट्यात मी साडीला फॉल-पिको करून टाकायचं ठरवलं. मोरपंखी रंगाची, मोठ्या काठाची ती साडी घेतली तेव्हा मोठ्या काठांची फॅशन होती. मग ती गेली. पिकोवाली साडी उलगडून म्हणाली, "ताई, नशीबवान आहात. हे काठ परत आलेत." मी हुरळले. तिनं आणखी एक घडी उलगडली. घडीच्या रेषेवर रेशीम सरळ चिरत गेलं होतं. "पदर वाचलाय," ती म्हणाली. "याची कुर्ती छान होईल." ब्लाउज पीस मात्र एकदम सुस्थितीत होता. फक्त मधल्या काळात मी वाढले होते आणि तो तेवढाच राहिला होता.

मग लग्नाची व्हिडिओ कॅसेट. हिची सीडी करून घ्यायचं आम्ही सीडीच्या जमान्यात ठरवलं होतं. पेन ड्राइव्ह आले तेव्हा नवरा म्हणाला, "बघ, तेव्हा सीडी केली असती तर आता फुकट गेली असती." याला उत्तर नव्हतं. मग कॅसेट लावायचं यंत्रच जगातून नाहीसं झालं. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनंसुद्धा २०१६ साली हात टेकले. पण स्टेशनजवळच्या एका गाळ्यात असली कामं करणारा एकजण अजून आहे. त्यानं कॅसेटची पुढची झडप अंगठ्यानं उचलली, आतली टेप उजेडाकडे तिरकी धरली आणि मला दाखवली. टेपच्या कडेनं बारीक पांढरी भुकटी बसली होती.

"बुरशी, ताई. आपल्याकडच्या हवेत धरतेच. पुसून बघतो, पण गॅरंटी नाही."

आठवड्यानं पेन ड्राइव्ह मिळाला. घरच्या सगळ्यांना बसवून लावला. सीमांतपूजन, पांढरे ठिपके. मंगलाष्टकं, नुसती खरखर. सप्तपदीत पाय दिसत होते, कोणाचे ते सांगता येत नव्हतं. आणि मग एकदम चित्र स्वच्छ! पंगत. कॅमेरा एका गृहस्थावर स्थिरावलेला, आणि ते गृहस्थ जिलबी खातायत. शांतपणे, एकामागून एक. आग्रह करणारा हात दोनदा येऊन गेला, त्यांनी दोन्ही वेळा मान राखला. आमच्या विवाहाचा तेवढाच पुरावा शिल्लक आहे.

"हे कोण?" मुलीनं विचारलं.

"तुझ्या आईकडचे," नवरा म्हणाला.

"आमच्याकडे एवढी जिलबी कोणी खात नाही. तुमच्याकडचे."

सासूबाई चष्मा लावून टीव्हीजवळ गेल्या, नीट बघून आल्या. "आपल्यातले नाहीत. पण जेवण आवडलंय."

बँकेतसुद्धा एका दुपारी, मृत्युपत्राचा मसुदा डोक्यात घोळायला लागला म्हणून, मी डावीकडचा ड्रॉवर उघडला आणि नॉमिनीचा फॉर्म भरून टाकला. मुलीचं नाव. संध्याकाळी घरी सांगितल्यावर नवरा थोडा फुगला, म्हणून मी त्यांच्या खात्याचं विचारलं. ते बराच वेळ आठवत राहिले आणि मग म्हणाले, "आईचं असेल. कॉलेजात असताना उघडलं होतं."

"म्हणजे तुझं सगळं माझ्याकडे यायचंय होय?" सासूबाईंनी आतून विचारलं. "बघू, दिवाळीनंतर बदलू."

पेरींच्या सिद्धांतात एक भोक आहे. ते आमच्या भिंतीतल्या दुसऱ्या भोकाएवढं आहे. खालची सगळी कामं झाली, किंवा आमच्यासारखी बिघडली, की मग काय करायचं? फ्रिजवरच्या कागदावर वरचं एकच काम उरलं. टाळायला दुसरं काही शिल्लक नव्हतं. मी दोनशे पानी वहीतलं मधलं पान काढलं, पेन झटकलं आणि लिहायला बसले. पूर्ण शुद्धीवर आहे, कोणाच्या दडपणाखाली नाही, असं लिहून झालं. दडपणाबद्दल थोडी शंका होती, पण लिहिलं. पुढे मिळकत. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा नंबर हवा.

"अहो, शेअर सर्टिफिकेट कुठाय?"

"माळ्यावर. ट्रंकेत."

"काढून द्या ना."

"घोडा नाही. वरच्या काकूंनी नेलाय, पंखे पुसायला."

"मागून आणा."

"मी नाही जाणार. त्यांचं इडलीपात्र आपल्याकडे आहे. ते न देता घोडा कसा मागायचा?"

"मग ते देऊन या. कुठाय ते?"

नवऱ्यानं उत्तर दिलं नाही. नुसतं वर बघितलं.

"माळ्यावर?"

"तूच म्हणालीस, मधे येतंय म्हणून."

आम्ही तिघं हॉलमध्ये उभे राहून माळ्याच्या पडद्याकडे बघत होतो. मुलगी म्हणाली की खुर्चीवर स्टूल ठेवू. नवरा म्हणाला, मृत्युपत्र लिहिण्याआधी नको. हे मात्र बरोबर होतं.

तेवढ्यात सासूबाई देवघरातून आल्या. "कसला एवढा खल चाललाय? एवढा पसारा लागत नाही त्याला. माझं कधीच झालंय."

नवरा मटकन खाली बसला. "कधी?"

"झाली बरीच वर्षं. देवघराच्या ड्रॉवरमध्ये आहे, उदबत्तीच्या पुड्यांखाली. तुम्ही तिथे कधी हात घालत नाही म्हणून तिथे ठेवलंय."

"पण तुम्हाला सुचलं कसं, आई?" मी विचारलं. मला वाटलं, ह्यांचे बाबा गेल्यावर असेल, किंवा कीर्तनात काही ऐकलं असेल.

"सुचायचंय काय त्यात? दिवाळी तोंडावर आली होती आणि चकलीची भाजणी भाजायची होती. इतका कंटाळा आला होता म्हणून सांगू! त्या गॅसपाशी दुपारभर उभं राहण्यापेक्षा म्हटलं, हे लिहून टाकू. अर्ध्या तासात झालं."

"आणि भाजणी?"

"विकतच्या चकल्या आणल्या. तुम्ही सगळ्यांनी खाल्ल्यात. 'आई, या वर्षी खुसखुशीत झाल्यात' म्हणून सांगितलंत."

स्टॅनफर्डला कळवायला हवं, असं मुलगी पुटपुटली. नवरा अजून चकल्यांतून बाहेर आला नव्हता. मी बँकेतली, मला भलतंच आठवलं. "आई, पण साक्षीदार कोण घेतलेत?"

"एक वरचे काका. चांगले होते बिचारे. पण गेले."

"आणि दुसरा?"

बेल वाजली. त्या दिवशी एक तारीख होती. सासूबाईंनी कनवटीचं पाकीट काढलं, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले आणि लगबगीनं चहाचं आधण ठेवायला वळल्या.

"बिल द्यायला आला होता, म्हटलं आधी इथे सही कर," त्या आतून म्हणाल्या. "उघड गं दार पटकन, पावसात उभा राहील. आणि विचार त्याला, रक्तदाबाची गोळी घेतली का."